उजव्या हेडलाइटचं भोक

परवा गच्चीवरच्या टाकीला फायबरचा लेप लावला, तेव्हा त्या उग्र वासानं मला थेट नव्वदच्या दशकात, बनशंकरीतल्या अण्णाच्या शेडमध्ये नेऊन उभं केलं. माझा हा थोरला भाऊ एका जुन्या गाडीला फायबरचं नवं तोंड बसवत होता. पहिलीच ऑर्डर, आणि गिऱ्हाईक संध्याकाळी बघायला येणार होतं. हेडलाइट बॉडीच्या सपाटीतच बसायला हवेत, रबरी सीलमधून पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. पुठ्ठ्याचा नमुना ठेवून अण्णानं डावं भोक सुरेख कापलं. उजवं मी हौसेनं मागून घेतलं, आणि तोच नमुना उलटा न करता ठेवून करवत चालवली. "स्वल्प चुकलं का रे, अण्णा?" "स्वल्प? यातून मांजर जाईल!" गिऱ्हाईक आलं ते भडकलंच. "कुणी कापलं हे?" "मीच," अण्णा म्हणाला, "आठ दिवस द्या, नवं करून देतो." पांढऱ्या भुकटीनं माखलेला मी, हातात करवत धरून, गप्प उभा. आज पन्नाशीतही हा किस्सा मी घरी रंगवून सांगतो, स्वतःची यथेच्छ टिंगल करतो. फक्त गिऱ्हाईक दारात येण्याआधीच गोष्ट संपवतो.