नाताळपर्यंत थांब

आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत दोन गोष्टी वर्षानुवर्षं साठत आल्यात: मोडक्या खुर्च्या आणि किस्से. दोन्ही टाकून द्यायला कुणाचा हात धजत नाही. खुर्च्यांचं चर्चचे वडील, म्हणजे कारभारी पंच, बघतील. किस्से मी सांगतो. देवाचे आभार मानायला बसलं की या म्हाताऱ्यांचेही मानावे लागतात, ही माझी अडचण आहे.

* * *

मी इंजिनिअरिंग मधेच सोडलं. आमच्या मंडळीला, म्हणजे अख्ख्या चर्चला, ते पचेना. उपासना संपली की दारात शांतवन आबा उभे. रिटायर्ड हेडमास्तर, वडिलांमधले सगळ्यात ज्येष्ठ. सगळ्यांशी हस्तांदोलन करायचे, माझा हात मात्र धरून ठेवायचे आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल असं विचारायचे, "काय करतोस सध्या?"

शेजारी आईची मान खाली. शाळा सुटली तरी हजेरी घ्यायची खोड काही माणसांची सुटत नाही.

एका रविवारी मी आईला सांगितलं, नाताळ झाला की माझं चर्च बंद. त्याआधी कुणी परत हे विचारलं, तर त्याच दिवशी बंद. चर्च सांभाळणाऱ्या पाळकबाईंनी ते ऐकलं. मला वाटलं, आता बायबलमधलं वचन ऐकवणार. त्या म्हणाल्या, "नाताळपर्यंत थांब बाबा. भिंती रंगवायच्यात, आणि शिडीवर चढणारा एकबी वडील माझ्याकडं न्हाय."

* * *

पांढरा की मोतिया, यावर वडिलांच्या इतक्या मिटिंगा झाल्या की तेवढ्यात स्वर्ग रंगवून झाला असता. शेवटी पांढरा ठरला.

शिडी धरायला कोण? आबाच. खालून सूचना चालू: इथं राहिलं, तिथं ओघळ आला. तेवढ्यात ब्रशवरचा एक टपोरा थेंब बरोबर त्यांच्या टकलावर पडला आणि तिथून नाकावर आला. आबांचे हात जागचे हलले नाहीत.

"पुसा की आबा," मीच ओशाळून म्हणालो.

"पुसलं तर शिडी कोण धरंल?"

त्या दिवशी त्यांच्यावरचा राग टिकवणं मला जरा जड गेलं.

* * *

रंगासाठी बाहेर काढलेली बाकं आम्ही पोरांनी परत कशीही लावली. कुठलं बाक कुठल्या घराचं हे आमच्यात कुठं लिहिलेलं नाही, पण आजोबांपासून ठरलेलं. रविवारी अख्खी मंडळी आपापलं बाक शोधत फिरतेय! आबांचं पुढचं बाक पार मागं गेलेलं. जागा बदलली तर चालेल, पण बाक सोडवेना. म्हणून आबा त्या बाकासोबत मागं, आमच्या शेजारी.

"इथनं पाळकबाईंचा संदेश ऐकूच येत न्हाय की," ते कुजबुजले.

"म्हणून तर आम्ही इथं बसतो, आबा," आई म्हणाली.

दोघंही हसले. आईला चर्चमध्ये हसताना मी किती दिवसांनी बघत होतो.

* * *

नाताळचं प्रीतिभोजन म्हणजे सगळ्या मंडळीची एक पंगत. पातेली शेजारच्या रफिकचाचांची, मटणाला हातही त्यांचाच. भात चुलीवर, आणि आबा प्रार्थनेला उभे. त्यांची प्रार्थना बिद्रीच्या साखर कारखान्यापासून सुरू होते, राधानगरीच्या धरणापाशी दम खाते आणि मग देशाकडं वळते. ती देशापर्यंत आली आणि करपल्याचा वास सुटला. सगळ्यांना आला. पण प्रार्थनेत डोळे उघडायचे नाहीत, ही लहानपणापासूनची शिस्त. मी एक डोळा उघडला. चुलीशी रफिकचाचासुद्धा हात पसरून, डोळे मिटून उभे!

मी मोठ्यानं म्हणालो, "आमेन!"

सवयीनं सगळी मंडळी म्हणाली, "आमेन." चाचांनी पातेल्याकडं झेप घेतली.

आता आबा मला सोलणार, असं वाटलं. ते एवढंच म्हणाले, "आजारी माणसांसाठी मागायचं राहिलं की रं." आणि चुलीशी उकिडवे बसून वरचा चांगला भात काढू लागले. मी पातेलं तिरकं धरलं.

* * *

पंगत बसली. मी भात वाढत होतो, माझ्या मागं आबा रश्श्याची बादली घेऊन. संदेश द्यायला पुण्याहून आलेले पाहुणे माझ्याकडं बघून गोड हसले. "काय करतोस सध्या?"

भाकरी वाढणारी आई जागच्या जागी थांबली. पाळकबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी भाताचं भांडं खाली ठेवायला वाकलो.

मागनं आवाज आला. हेडमास्तरांचा, शेवटच्या रांगेला ऐकू जाणारा.

"दिसत न्हाय व्हय पावणं? वाढतोय की. ताट पुढं करा."