बारा माणसं, सहा बाजा

अंबूबाईनं पहिला भाडेकरू ठेवला तो बायकापोरांसकट, आणि तिथंच फसली. माणूस कारखान्यात फिटर, बोलायला साखर. दोन महिन्यांत त्याचा मेहुणा राहायला आला, चौथ्या महिन्यात सासू आली आणि दिवाळीला खोलीच्या दाराशी एक शेळी बांधलेली दिसली. खोली सोड म्हटल्यावर फिटर हसून म्हणाला, "मावशी, आता कायदा आमच्या बाजूनं हाय." ते बिऱ्हाड बाहेर काढता काढता अंबूबाईचं एक वर्ष गेलं आणि भांडून भांडून आवाज बसला तो कायमचा. पुढं तिचं बोलणं ऐकून नवखी माणसं दचकायची, पण तो दोष त्या शेळीवाल्याचा होता.

खोल्या तीन. भोसरीचं निम्मं शिवार कारखान्यांसाठी गेलं तेव्हा अंबूबाईच्या घरचंही गेलं. मोबदल्यातून तिच्या नवऱ्यानं, नानासाहेबांनी, आधी बुलेट घेतली, मग घड्याळ घेतलं, मग मित्र जमवले. पैसे संपले तसे मित्रही पांगले. दिघीच्या रस्त्याला लागून तीन गुंठे तेवढे उरले होते. तेही विकून ट्रक घ्यायचा आणि चाकणच्या बाजारातला कांदा वाहायचा, असा नानासाहेबांचा बेत होता. अंबूबाई आडवी पडली. भावाकडे ठेवायला दिलेले तिचे थोडे पैसे होते, ते आणून त्यात तिनं विटांच्या आणि पत्र्याच्या तीन खोल्या उठवल्या. नानासाहेबांनी एकच अट घातली, "म्हैनाभर जरी खोल्या रिकाम्या ऱ्हायल्या, तरी मी जागा इकनार." बायकोला धंदा जमत नाही हे बघायला ते टपूनच बसले होते.

शेत होतं तेव्हा अंबूबाई त्यात मर मर राबली, पण सातबाऱ्यावर तिचं नाव कधी चढलं नाही. खोल्यांच्या कागदावरही नव्हतं. पण किल्ल्या तिच्या कमरेला होत्या, आणि तेवढ्यावर ती ताठ चालायची.

शेळीवाला गेल्यावर ती चार दिवस ओट्यावर नुसती रस्ता बघत बसली. सकाळी साडेसहाला माणसांची रांग कंपन्यांकडे जायची, आणि तासाभरानं तितकीच माणसं डोळे चोळत परत यायची. लहान वर्कशॉपांतून तेव्हा बारा-बारा तासांच्या पाळ्या चालत. ओव्हरटाइमच्या लोभानं कुणी नाही म्हणत नसे. एक उठतो तेव्हाच दुसरा झोपायला येतो, मग बाज दोघांना एकच का नको? शाळेची पायरी न चढलेल्या या बाईनं तिथल्या तिथं हिशेब बसवला. एका खोलीत दोन बाजा, एका बाजेवर दोन माणसं, एक दिवसपाळीचा आणि एक रातपाळीचा. वळकटी ज्याची त्याची, ज्याच्या त्याच्या खुंटीला. स्टोव्ह नाही, बायको नाही, शेळी तर नाहीच. एकाची सुट्टी गुरुवारी असली तर जोडीदार रविवारवाला बघायचा. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या झोपेच्या वेळी खोलीत पाय टाकायचा नाही. सिनेमा बघा नाहीतर नातेवाईक बघा.

जागेची एवढी चणचण होती की पंधरा दिवसांत बारापैकी अकरा माणसं मिळाली. बारावी जागा मात्र दोन महिने अडून राहिली. मधल्या खोलीत खिडकीजवळच्या बाजेवर हिंदुराव होता, साताऱ्याकडच्या माण तालुक्यातला, भट्टीवर कायम रातपाळी. त्याच्या बाजेला दिवसपाळीचा माणूस मिळेना. ते साल दुष्काळाचं. एक दिवस बीडकडचा एक पोरगेला कामगार दारात आला. नाव विलास. अंबूबाईनं आडनाव विचारलं, त्यानं साळवे सांगितलं, आणि तिला कळायचं ते कळलं.

"वळकटी हाय?" तिनं विचारलं.

"हाय की."

"मग ऱ्हा. पर जातीचं कुणाला आपनहून सांगायचं न्हाई."

"कुणी इचारलं तर?"

"कोन इचारतंय? त्यो झोपंल तवा तू कंपनीत आसनार."

अंबूबाई काही सुधारक वगैरे नव्हती. रिकामी बाज तिच्या डोळ्यांत सलत होती, एवढंच. पण बाज दिली हे खरं, आणि ते त्या आळीत दुसऱ्या कुणी केलं नसतं हेही खरं.

दीड वर्ष हिंदुराव आणि विलास एका बाजेवर झोपले आणि एकमेकांचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. पण माणूस न दिसताही कळतो. विलासचा बाप बाजा विणायचा, त्यामुळं ढिली बाज त्याला सोसवत नसे. तो दर आठवड्याला काथ्या ओढून ती ताठ करायचा. हिंदुराव सकाळी येऊन अंग टाकायचा तो थेट दुपारी जागा व्हायचा. गावाकडून शेंगदाण्याची चटणी आली की तो एक पुडी उशाशी ठेवून कामाला जायचा. पुडी संपली की विलास कागद नीट घडी करून ठेवायचा. "बाजेचा भाऊ लई गुनाचा हाय," असं हिंदुराव अंबूबाईला सांगायचा, आणि ती दुसरा काहीतरी विषय काढायची.

सगळ्या सुट्ट्यांचा मेळ तिनं घातला होता. एक दिवस मात्र विसरली, आणि तो विसरावा तिनंच! खंडेनवमी. तिच्या सासरी पिढ्यान् पिढ्या या दिवशी नांगर-कुळव धुऊन पुजले जायचे. बैल विकले, नांगर माळ्यावर गेला, तशी तिच्या मनातून खंडेनवमीही गेली. मशीनलासुद्धा नवमी असते हे तिच्या ध्यानात आलं नाही. आदल्या दसऱ्याला सगळे गावी गेले होते, त्या वर्षी मात्र कुणीच गेलं नव्हतं. दुपारी एकच्या सुमाराला सगळ्या कंपन्यांतून माणसं कपाळाला गुलाल लावून, हातात पेढ्याचे पुडे घेऊन बाहेर पडली. रातपाळीचे सहा जण खोल्यांत झोपलेलेच होते. आता बाजा सहा आणि माणसं बारा.

अंबूबाईला वाटलं, आता मारामारी होणार. झालं भलतंच. हिंदुराव बाजेवर उठून बसला होता, समोर विलास पुडा घेऊन उभा.

"कोनची बाज तुजी?" हिंदुरावनं विचारलं.

"हीच."

"आरं तिच्या! ही ताणतोस त्यो तू व्हय?"

"अन् चटणी तू ठिवतूस व्हय?"

हिंदुरावनं त्याला खेचून शेजारी बसवलं, अर्धा पेढा त्याच्या तोंडात कोंबला आणि उरलेला स्वतः खाल्ला. खोल्याखोल्यांतून जोडीदार जोडीदाराला ओळखत होते, हसत होते, तुझ्या तेलाचा वास बाजेला येतो म्हणत होते. अंबूबाईला इतका आनंद झाला की तिनं शेजारच्या इंदुताईकडून कपबशा मागून आणल्या आणि बारा जणांचा चहा टाकला. आजवर भाडं द्यायला जो तो एकेकटा यायचा आणि तिच्या ओट्यावर चहा पिऊन जायचा. सगळ्यांना एका वेळी चहा द्यायची ही पहिलीच खेप.

तिनं परातीत बारा कप मांडले. अकरा भरले. बाराव्याच्या वेळी तिचा हात आपोआप ओट्यावरच्या भिंतीतल्या देवळीकडे गेला, तिथं पालथा घातलेला काचेचा ग्लास तिनं उचलला, चहा ओतला आणि विलाससमोर ठेवला. दीड वर्षाची सवय. हाताला विचार करायची गरजच पडली नाही.

विलासनं ग्लास घेतला. बाकीचे बघत होते. वेगळा ग्लास म्हणजे काय, हे तिथल्या एकालाही सांगायला नको होतं.

"मावशी," हिंदुराव हळू म्हणाला, "ह्याला गलास का?"

"कप कमी पडलं."

परातीत बारावा कप रिकामा होता. हिंदुरावनं तो पाहिला, मग आपला कप खाली ठेवला. "माजी बाज बदला," तो म्हणाला. आणखी चौघे उठले. त्यांचं म्हणणं की मावशीनं फसवलं, आता इथं राहणं नको.

विलासनं चहा पिऊन टाकला, नळावर ग्लास धुतला आणि नेहमीसारखा देवळीत पालथा घातला. मग त्यानं खुंटीवरची वळकटी काढली. खरं सांगायचं तर अंबूबाईला आधी हायसं वाटलं. हा गेला की अकरा राहतील, खोल्या राहतील, किल्ल्या राहतील. दारातून जाताना विलास हिंदुरावला म्हणाला, "बाज कालच ताणलीया. आठ दिस बघाया नगं."

अंबूबाई परातीपासून उठली. हा पोरगा जाता जातासुद्धा दुसऱ्याच्या पाठीची काळजी करतोय आणि आपण त्याला ग्लास दिला. आपण! तिची तिलाच लाज वाटली.

"इलास, वळकटी ठेव," ती घोगऱ्या आवाजात ओरडली. "तुजी काय चूक न्हाई. गलास म्या दिला. ज्याला ही बाज चालत न्हाई त्यानं जावं."

हिंदुराव आणि ते चौघे दिवेलागणीच्या आत निघून गेले. चार दिवसांत गावभर झालं, आणि नानासाहेबांनी जागेसाठी गिऱ्हाईक बोलावलं. म्हणाले, "पाच मानसं गेली म्हंजी खोल्या रिकाम्याच. म्हैना मोजतोय." अंबूबाई जेवायची नाही, ओट्यावर बसून रस्ता बघायची. तेव्हा विलास कंपनीतून एकेकाला घेऊन यायला लागला. जयसिंग आला, कोंडीराम आला, दोघंही त्याच्याच समाजातले. आता अंबूबाई प्रत्येकाला फाटकातच सांगायची, "हितं बाजेवर कोन झोपतं ह्ये इचारायचं न्हाई. इचारायचं आसंल तर आल्या वाटंनं माघारी जा." काही जण गेले. पण सगळेच गेले नाहीत.

सत्ताविसाव्या दिवशी हिंदुराव पाठ चोळत दारात उभा राहिला.

"तिकडं बाज पाठीला लागती, मावशी."

"हितली त्योच ताणतो. चालंल?"

"चालंल," तो खाली बघून म्हणाला. महिना भरला तेव्हा एकच जागा रिकामी होती. नानासाहेबांनी गिऱ्हाइकाला परत पाठवलं.

विलास पुढं सात वर्षं राहिला. भाडं एक तारखेला द्यायचा, सगळ्या सहा बाजा ताणायचा, पत्रा गळला तर वर चढायचा. अंबूबाईनं तो ग्लास खंडेनवमीच्या संध्याकाळीच फोडला होता आणि चांगल्या कपबशा आणल्या होत्या. दर महिन्याला ती विलासला चहा विचारायची. दर महिन्याला तो हसून म्हणायचा, "नगं मावशी, आत्ताच घेतला." ती ओळखून होती. माझ्या घरचा चहा याला नको, ही मला शिक्षा आहे आणि ती मी भोगली पाहिजे, असं तिनं मनाशी धरलं होतं.

एक्याऐंशी साली विलासनं दिघीला, मिलिटरीच्या तारेच्या कुंपणाअलीकडं, स्वतःच्या दोन खोल्या बांधल्या. एक राहायला आणि एक भाड्यानं द्यायला. गृहप्रवेशाला त्यानं अंबूबाईला स्वतः येऊन बोलावलं. नानासाहेब नको म्हणत असताना ती गेली. विलासच्या आईनं, भिमाबाईनं, तिला सतरंजीवर बसवलं, नव्या कपात चहा आणला आणि कप पुढं करता करता थांबून विचारलं, "चालंल न्हवं, बाई, आमच्या हातचा?"

अंबूबाईनं कप तिच्या हातातून ओढूनच घेतला. पहिला घोट घेतल्यावर तिचं लक्ष विलासकडे गेलं. तो सगळ्यांना चहा वाटत होता आणि स्वतः रिकामा उभा होता.

"त्याला द्या की," ती भिमाबाईला म्हणाली.

"त्यो घेत न्हाई, बाई. लहानपनापसनं चहाचा वेडा, पर सात वर्सं झाली, कुटंच घेत न्हाई. माज्या हातचा बी न्हाई." भिमाबाई पदरानं हात पुसत म्हणाली, "का सोडला म्हनून लई खोदून इचारलं. सांगतच न्हाई."