खळीनं चिकटवलेली पानं

सदाशिवरावांनी पहिल्या दिवशी मला पाणी विचारलं नाही, ओळखपत्र विचारलं. मी दाखवलं. त्यांनी ते उन्हात धरलं, उलटं केलं, नखानं खरवडलं आणि परत देताना म्हणाले, "फोटो तुमचाच दिसते. पण आजकाल काही सांगता येत नाही बाप्पा."

मी यवतमाळची, सरकारी कारकुनाच्या घरातली. एका संस्थेची कापडी पिशवी घेऊन दर गुरुवारी एसटीनं दिग्रसला उतरायचे आणि तिथून ऑटोनं त्यांच्या गावी जायचे. पिशवीत चित्रांची पुस्तकं. शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांना मोठ्यानं वाचून दाखवायची, एवढंच काम. पण कापसाच्या त्या वाईट वर्षांत गावात बाहेरची माणसं फार यायची. कोणी फॉर्म घेऊन, कोणी कॅमेरा घेऊन. सगळी विचारायची आणि निघून जायची. त्यामुळे पिशवीवालीवर विश्वास ठेवायचं कुणाला काही कारण नव्हतं. सदाशिवरावांना तर मुळीच नाही. एका वर्षी त्यांना नकली बियाणं मिळालं होतं. तेव्हापासून हा माणूस ताकच काय, पाणीही फुंकून पीत असे. बाजारात चहा प्यायचा तर आधी पातेल्यात डोकावून बघायचे.

त्यांच्या नातीचं नाव सुरभी. वय चार. आईवडील दिवसभर कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला, म्हणून ती आजीआजोबांजवळ असायची. भाव नव्हता म्हणून बाहेरच्या खोलीत कापूस छातीइतका भरून ठेवलेला होता आणि ही पोर त्या ढिगावर बसून माझ्याकडे टक लावून बघायची. बोलायची मात्र नाही. एक शब्द नाही. वर्षभर ती फक्त आजीच्या, इंदूबाईंच्या, कानात कुजबुजत होती. बालवाडीतल्या बाईंनी हात टेकले होते. यवतमाळच्या डॉक्टरांनी गळा, कान तपासून सांगितलं होतं की पोरगी ठणठणीत आहे.

"मंग बोलत काहून नाही?" सदाशिवराव मला विचारायचे. जसं काही तिचा आवाज मीच पिशवीत घालून नेला होता.

मी वाचायला बसले की ते माझ्या शेजारी येऊन बसत आणि ओळीखाली बोट ठेवत. "तुम्ही वाचून राह्यल्या तेच लिवलं हाय, हे मले कसं समजन?" सातवी शिकलेले होते. माझ्या मागून एकेक शब्द पडताळून बघायचे. एका पुस्तकातल्या धोतरवाल्या म्हाताऱ्याच्या चित्रावर तर अर्धा तास गेला. "हा माह्यासारखा काहून काढला? कोणी सांगतलं तुमच्या चित्रवाल्याले?" मला हसू येत होतं आणि रागही. शेवटी त्यांनी ठरवलं की दर आठवड्याला एक पुस्तक तपासणीसाठी घरीच ठेवायचं. ठेवा म्हटलं.

आणि तपासायचं म्हणजे मोठ्यानं वाचायचं, असा त्यांचा नियम. इंदूबाईंनी मला हळूच सांगितलं, "रोज वाचते बुढा. पोट्टी मांडीवर येऊन बसते. तिचे ओठ हालते बाई, पण आवाज निघत नाही." असला भारी पहारा माझ्या पुस्तकांना दुसरीकडे कुठेच मिळाला नाही, हे मला मान्य करावं लागलं.

सुरभीचं लाडकं पुस्तक होतं घरातल्या वस्तूंचं. साधंच. प्रत्येक पानावर एक चित्र आणि खाली तेच तेच: गाय आहे का? आहे. कुठे आहे? गोठ्यात आहे. मग चूल, मग मांजर, मग टीव्ही, मग मोटरसायकल, मग पंखा. तीन आठवडे त्यांनी ते परत दिलं नाही. तपासणी चालू आहे म्हणाले.

चौथ्या गुरुवारी मीच मागून घेतलं. उघडलं, तर मधली दोन पानं एकमेकांना चिकटलेली. टीव्ही आणि मोटरसायकल गायब. मांजरीनंतर एकदम पंखा.

"हे कसं झालं?"

"ओल लागली असन."

मार्च महिना होता. दिग्रसला मार्चमध्ये ओल? मी पान नाकाशी नेलं. कणकेच्या खळीचा वास. लग्नाच्या पत्रिका चिकटवतात तशी, चारी कडांना नीट बोटानं लावलेली. माझं डोकं सणकलं. पिशवीतली पुस्तकं माझ्या सहीवर होती. हा माणूस माझ्यावर सहा महिने पाळत ठेवतो आणि खळ स्वतः लावतो! मी पुस्तक ओट्यावर आपटलं आणि चपला घातल्या.

इंदूबाई गोठ्यापर्यंत माझ्या मागे आल्या.

"रागावू नोका. त्याहिचं भेव येगळं हाय."

मग त्यांनी सांगितलं. दीड वर्षापूर्वी असाच एकजण वही घेऊन आला होता. घरात काय काय आहे, लिहून घेत होता. गावात आवई होती की ज्याच्याकडे टीव्ही आणि गाडी निघेल त्याचं पिवळं रेशनकार्ड जाणार. म्हणून टीव्हीवर गोधडी पडली, मुलाची मोटरसायकल पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगात गेली, पंखा खाटेखाली. वहीवाल्यानं विचारलं, टीव्ही आहे का? सदाशिवराव म्हणाले, नाही. अडीच वर्षांची सुरभी टाळ्या वाजवत म्हणाली, हाय, हाय, आमच्या घरी टीव्ही हाय.

"तो मानूस हासत गेला. पन तो गेल्यावर हे तिच्यावर असे वरडले बाई, असे वरडले, का पोट्टी थरथर कापे. 'घरातलं बाहीर बोलशीन तं जीभ कापून टाकीन.' तवापासून ती बंद झाली. डाक्टरले हे त्याहिनं सांगतलं नाही. मलेबी सांगू देल्लं नाही."

त्यांना माझं पुस्तक पहिल्या दिवसापासून त्या वहीसारखंच वाटलं होतं. गाय आहे का, टीव्ही आहे का, गाडी आहे का, कुठे आहे. चित्रं दाखवून पोरीकडून काढून घ्यायची नवी तऱ्हा. मला हसायला हवं होतं. हसू आलं नाही. मी परत गेले आणि पुस्तक तिथेच ठेवलं. सदाशिवरावांनी ते उचलून आत नेलं. पण इंदूबाईंनी नंतर सांगितलं की वाचताना ते जाड पान आलं की सुरभी त्याच्यावर बोट ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघे, आणि ते घाईघाईनं पान उलटत.

मे महिन्यात पुन्हा पाहणी निघाली. गुरुवारच होता. मी ओट्यावर बसले होते. वहीवाला नवा होता, घामाघूम, दिवसभराचा वैतागलेला. गोधडी, पऱ्हाटी, खाट, सगळं आपापल्या जागी होतं.

"टीव्ही आहे का?"

"नाही," सदाशिवराव म्हणाले.

"मोटरसायकल?"

"कायची मोटरसायकल साहेब."

तेवढ्यात आतून टर्रकन् आवाज आला. सुरभी कापसाच्या ढिगावर पुस्तक घेऊन बसली होती. चिकटलेली पानं तिनं ओढून सोडवली होती. टीव्हीचं चित्र अर्धं एका पानावर, अर्धं दुसऱ्यावर. तिनं ओळीखाली बोट ठेवलं, अगदी आजोबांसारखं, आणि वाचायला लागली. घोगरा, न वापरलेला आवाज.

"टीव्ही आहे का? आहे. कुठे आहे? गोधडीखाली आहे. मोटरसायकल आहे का? आहे. कुठे आहे? पऱ्हाटीखाली आहे."

वहीवाल्याचं पेन थांबलं. इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी सदाशिवरावांकडे बघितलं. मला वाटलं, आता पुन्हा ओरडणार. सुरभीलाही तेच वाटलं असावं. वाचणं थांबवून तिनं पुस्तक छातीशी धरलं होतं.

सदाशिवरावांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग ते आत गेले, कापसाच्या ढिगाशी गुडघे टेकले आणि म्हणाले, "मी खोटं बोललो व माय. तू बरोब्बर वाचलं."

तिथूनच त्यांनी वहीवाल्याला सांगितलं, "लिवून घ्या साहेब. पोट्टी म्हनते ते लिवा."

"आजोबा, कार्डाचं बघा. मी ऐकलंच नाही असं समजतो," तो बिचारा म्हणाला. चांगला माणूस होता.

"लिवा म्हनलं ना. तुम्ही नाही ऐकलं तं ती बोलली कायले?"

त्यानं लिहिलं. पण सदाशिवराव ते सदाशिवरावच. लिहून झाल्यावर त्यांनी बाहेर येऊन वही मागितली, त्याच्या शेजारी बसले, आणि लिहिलेल्या ओळीखाली बोट ठेवलं.

"वाचा आता. जोरानं वाचा. काय लिवलं ते आमाले समजलं पायजे."

त्यानं वाचलं. बैल, दोन. टीव्ही, एक. मोटरसायकल, एक. सुरभी ढिगावरून उतरून आजोबांच्या मांडीवर येऊन बसली होती आणि ओठ हलवत ऐकत होती. वाचून झालं, त्यानं वही मिटायला घेतली.

"पंखा राह्यला," ती म्हणाली.

सदाशिवरावांनी वही मिटू दिली नाही. "लिवा," ते म्हणाले, "पंखा. खाटेखाली हाय."