अण्णांचा उजवा हात

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. उलट आमच्या भागात कुणाच्या घरी भानामती झाली म्हणून गर्दी जमली, की तिथं जाऊन भांडणारी मीच. शाळेतल्या मुलांकडून त्या विषयावर नाटुकलंसुद्धा बसवून घेतलंय. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण घडलं ते घडलं. आणि चांगलं घडलं, म्हणून लिहितेय.

मी जळकोटची. तुळजापूर तालुक्यात, हायवेला लागून आमचं गाव आहे. शाळेत मी चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात लहानपणची खेळणी घेऊन त्यांना कॅमेरा, सेन्सर, प्रोजेक्टर असलं काहीबाही जोडत बसते. म्हणजे तुम्ही कागदाच्या भिरभिऱ्यावर फुंकर मारलीत, की भिंतीवर आमच्या माळावरच्या पवनचक्क्या फिरायला लागतात. याला आर्ट म्हणतात हे गावाला अजून पटलेलं नाही. "चाळिशी उलटली, पर हिची खेळणी सुटंनात," असं लोक म्हणतात आणि मी ऐकून घेते. खरं सांगायचं तर ऐकून घेत नाही, चांगलं सुनावते.

मागच्या वर्षी धाराशिवला एका मोठ्या हॉलमध्ये माझं पहिलंच स्वतंत्र प्रदर्शन ठरलं. मधोमध ठेवायची होती ज्वारीच्या धाटाची छोटी बैलगाडी. मुलानं टेबलावर गाडी ओढली, की भिंतीवर उभ्या ज्वारीतून तशीच मोठी गाडी चालणार. कॅमेरा, प्रोग्राम सगळं तयार होतं. अडलं होतं ते गाडीपाशीच.

धाटाची गाडी म्हणजे वाळलेलं धाट सोलायचं, आतल्या मऊ गराचे, म्हणजे भेंडाचे, तुकडे करायचे आणि सोललेल्या सालपटाच्या काड्या खुपसून ते जोडायचे. डिंक नाही, तार नाही, काही नाही. आमच्याकडे कुणीही करतं ही गाडी, आणि कुणाचीही केलेली संध्याकाळपर्यंत चाकं टाकते. माझीही टाकायची. टाकत नव्हती ती फक्त अण्णांची.

अण्णा म्हणजे माझे वडील. अठ्ठावीस वर्षं गावच्या शाळेत शिपाई होते. मधल्या सुट्टीत पायरीवर बसून पोरांना गाड्या करून द्यायचे, आणि ती गाडी पोरगं डांबरी रस्त्यावरून घरापर्यंत ओढत न्यायचं. पण प्रदर्शनाच्या दीड वर्ष आधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय काठीच्या आधारानं चालायला लागला, उजवा हात मात्र आला नाही. "हात मेला माझा," एवढंच म्हणायचे. गल्लीतून कडब्याची, म्हणजे वाळल्या धाटांची, गाडी चालली तरी तोंड फिरवून बसायचे. एवढा थट्टेखोर माणूस, पण घराबाहेर पडेनासा झाला. मला प्रदर्शनाची काळजी होती, हे खरंय. पण त्याहून जास्त काळजी त्या फिरवलेल्या तोंडाची होती.

आठ दिवस उरले तेव्हा मी त्यांना विचारलंच. "अण्णा, चाक निसटू नये म्हणून तुम्ही काय करत होता, तेवढं सांगा."

त्यांनी डाव्या हातानं उजव्याची बोटं चाचपली. मग म्हणाले, "सांगता येत न्हाय गं कांते. हाताला म्हाईत हाय ते, मला न्हाय."

"मग डाव्यानं करून बघा. मी शूटिंग घेते."

"डाव्याला काय डोंबल येतंय?" म्हणाले खरे, पण माझं तोंड बघून बसले.

रविवार होता, दुपारचे साडेतीन वाजले असतील. मधल्या खोलीत स्टुलावर लॅपटॉप, त्यावर कॅमेरा. स्क्रीन माझ्याकडं, कॅमेरा अण्णांकडं. माझा प्रोग्राम हात ओळखतो, म्हणजे प्रत्येक हातावर एकवीस ठिपके टाकून ते रेघांनी जोडतो. डाव्या हाताचे लाल, उजव्याचे निळे. अण्णांनी डाव्या हातात धाट घेतलं, दोनदा ते निसटून खाली पडलं. तिसऱ्यांदा त्यांनी उचललंच नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून दाराकडं बघत बसले.

मी रेकॉर्डिंग बंद करायला हात पुढं केला... आणि थांबले. लाल ठिपके स्थिर होते. निळे हलत होते.

मी अण्णांच्या हाताकडं बघितलं. मांडीवर गप पडलेला. स्क्रीनवर मात्र त्याच हातावरचे ठिपके सुटून वर आलेले, बोटं मिटतायत, उघडतायत. आधी मला रागच आला, कारण ऐन वेळी प्रोग्राम बिघडला तर मी कुठं जाऊ? लॅपटॉप बंद करून चालू केला. कॅमेऱ्याची काच पदरानं पुसली. त्यात माझाच हात दिसत असेल म्हणून भिंतीवरचा आरसा काढून पालथा ठेवला. दुसरा कॅमेरा लावला. निळे ठिपके हलतच होते. शेवटी मी अण्णांच्या हातावर टॉवेल टाकला. हात दिसेनासा झाला, की प्रोग्रामनं ठिपके काढून टाकायला हवेत... त्यानं काढले नाहीत.

खोटं कशाला सांगू, मी जाम घाबरले.

"काय झालं गं?" म्हणत अव्वा आत आली. अव्वा म्हणजे माझी आई. तिनं स्क्रीन बघितली, टॉवेल बघितला आणि हळूच म्हणाली, "भानामती तर न्हाय नव्हं?"

"गप बस अव्वा," मी खेकसले. ती देवघरातली विभूती आणायला गेली आणि मी तिला अडवलं नाही, एवढं इथं कबूल करते.

ती परत येईपर्यंत मला दिसलं होतं, की ते हलणं उगाच नव्हतं. चिमूट धरायची, खाली ओढायची, परत वर. हात धाट सोलत होता.

मी खालचं धाट उचललं. ठिपके करतील तसं माझ्या उजव्या हातानं करत गेले. सोललं, भेंड तोडलं, चाक वळवून घेतलं. सालपटानं बोट कापलं तरी थांबले नाही, कारण पुन्हा दिसेल की नाही याची खात्री नव्हती. मग चाक जोडायची वेळ आली. मी नेहमी काडी सरळ आत खुपसायची. निळ्या हातानं खुपसली, अर्धी मागं ओढली, डावीकडं एक पीळ दिला आणि मग आत दाबली. मीही तसंच केलं. काडीची धार भेंडात अशी रुतली, की ओढून निघेना.

गाडी पुरी झाली तसे ठिपके खाली आले आणि मांडीवरच्या हातावर जाऊन बसले. मी गाडी फरशीवरून ओढली. उंबऱ्यावर आपटली. चाक जागचं हललं नाही.

अण्णा बघत होते. "उलटा पीळ," ते म्हणाले. "व्हय, तसंच हाय ते. कुनी सांगितलं तुला?"

स्क्रीन माझ्या बाजूला होती, त्यांना यातलं काहीच दिसलं नव्हतं. "तुम्हीच," मी म्हणाले, आणि लॅपटॉप फिरवून त्यांना रेकॉर्डिंग दाखवलं. त्यांनी ते तीनदा बघितलं. मग डाव्या हातानं उजवा हात उचलून पोटाशी धरला आणि रडायला लागले. मीही रडले. अव्वानं सगळ्यांना विभूती लावली, अगदी लॅपटॉपलासुद्धा.

"मेला न्हाय म्हन की ह्यो," अण्णा म्हणाले.

त्या आठवड्यात मी बारा गाड्या केल्या. अण्णा शेजारी बसून चुका काढायचे, अगदी पूर्वीसारख्या शिव्या घालत. प्रदर्शनाला येणार का, असं विचारलं तर म्हणाले, "माझ्याबिगर कसं व्हईल?"

हॉलमध्ये ही गर्दी. पहिल्याच तासात गाडी टेबलावरून पडली, कुणाचातरी चुकून तिच्यावर पाय पडला आणि ती मोडली. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "आता नवी कोण करणार?" उरलेल्या गाड्या खोक्यात होत्या, पण मी त्या काढायच्या आत अण्णा काठी टेकत कॅमेऱ्यासमोर येऊन बसले. भिंतीवर त्यांचे दोन्ही हात लाल-निळ्या ठिपक्यांत उमटले, छताला टेकतील एवढे. सगळे बघायला लागले. मी निळ्या ठिपक्यांकडं डोळे लावून बसले, पण ते हललेच नाहीत.

अण्णांनी भिंतीकडं बघितलंसुद्धा नाही. डाव्या हातानं उजवा हात उचलून सदऱ्याच्या खिशात घातला, मला शेजारी ओढलं आणि म्हणाले, "तुजा उजवा दे. डावा माझा हाय."

धाट त्यांनी धरलं, सोललं मी. भेंड त्यांनी धरलं, पीळ मी दिला. भिंतीवर एक लाल हात आणि एक निळा हात मिळून गाडी करत होते. प्रोग्रामला ते एकाच माणसाचे वाटले. गाडी झाली, त्या मुलीनं ती टेबलावरून ओढली, भिंतीवरची गाडी ज्वारीतून निघाली आणि हॉलमध्ये जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो आठवला की आजही छाती फुगते. गावची जी माणसं मला हसायची, ती अण्णांसोबत फोटो काढून घ्यायला रांगेत उभी होती.

नंतर ते रेकॉर्डिंग मी पुण्यात असलीच कामं करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला पाठवलं. ती म्हणाली, "हात झाकला गेला तर प्रोग्राम कधीकधी अंदाजानं ठिपके टाकतो." मी विचारलं, "अंदाजानं उलटा पीळ देतो?" ती अजून बघतेय म्हणते. ते हलणं पुन्हा कधीच दिसलं नाही. मी कितीतरी दुपारी कॅमेरा लावून बसले.

हल्ली दर शनिवारी अण्णा शाळेच्या पायरीवर असतात. ज्याला गाडी शिकायचीय त्यानं शेजारी बसून आपला उजवा हात द्यायचा, एवढीच अट. परवा त्यांना विचारलं, "अण्णा, ते काय होतं हो?"

"आता मला काय म्हाईत?" ते म्हणाले. "त्यालाच इचार." आणि खिशातला हात डाव्या हातानं काढून माझ्या मांडीवर ठेवला. मी तो धरून बसले. गरम होता.