अर्धजाग्यांचं गणगोत

डोळ्यांच्या दवाखान्यात ती थेंब घालायचं काम करायची. डॉक्टरांनी तपासण्याआधी बाहुली मोठी व्हावी लागते, त्यासाठीचे थेंब. ते घातले की पेशंटनं डोळे मिटून बाकावर बसायचं. हिरव्या पडद्यांची ती लांबट खोली दिवसभर डोळे मिटलेल्या माणसांनी भरलेली असे. डोळे मिटले की माणूस हळू बोलतो, आणि शेजारी कोण आहे हे दिसत नसल्यामुळे खरंही बोलतो, हे ती इथेच शिकली. दवाखान्यात सगळे तिला थेंबताई म्हणत. तिलाही ते सोयीचं होतं, कारण आडनाव सांगितलं की माणसं हसत.

आडनाव अर्धजागे.

शाळेत मुलं विचारायची, "अर्धी कुठली जागी गं? वरची की खालची?" बँकेतला माणूस दोनदा स्पेलिंग विचारायचा आणि तिसऱ्यांदा चुकीचं लिहायचा. वडील शिंपी होते. मशीनवर पाय हलवता हलवता ते या आडनावाची कूळकथा सांगत. त्यांचा कुणी मूळपुरुष एका शहराच्या वेशीवर राखणदार होता. तो एक डोळा उघडा ठेवून झोपायचा. चोर यायचे, तो उघडा डोळा पाहायचे आणि आल्या पावली परत जायचे. लोक त्याला अर्धजागा म्हणू लागले, पुढे तेच चिकटलं. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "पहाऱ्यावर घोरताना सापडला असेल. साहेबानं विचारलं तर म्हणाला असेल, अर्धा जागा होतो की." वडील यावर कधी रागावले नाहीत. मात्र दारावरची पितळी पाटी ते दर आठवड्याला घासायचे, आणि घासून झाल्यावर हमखास म्हणायचे, "हे आडनाव जगात आपल्याच दारावर. आपल्यानंतर संपलं."

ते खरंच वाटावं असं होतं. भाऊ नव्हता, चुलते नव्हते. एक आत्या होती, ती ठरलेलं लग्न ऐन वेळी मोडून दुसऱ्या शहरात निघून गेली, आणि वडिलांनी तिचं नाव टाकलं. घरात तिचा विषय निघाला की मशीन जोरात चालू व्हायचं. थेंबताईला आत्याची एवढीच आठवण होती, की एका दुपारी आपण कुणाच्या तरी मांडीवर डोकं ठेवून पडलो होतो, साबणाचा वास येत होता आणि केसांतून बोटं फिरत होती. ते स्वप्न होतं की घडलेलं, हे विचारायला आता कुणी उरलं नव्हतं. आईवडील गेले. तिनं लग्न केलं नाही. संध्याकाळी खिडकीशी बसलं की तिला वाटायचं, आपल्याबरोबर एक शब्दच जगातून जाणार. दुःख असं व्हायचं नाही. पाण्यात मीठ विरघळताना बघावं तसं ती त्याकडे बघत राहायची.

अशात एका सकाळी पेशंटच्या कागदांतला वरचा कागद तिनं उचलला आणि सवयीनं हाक मारली, "अर्धजागे."

हाक मारून झाल्यावर तिला कळलं की आपण आपलंच आडनाव उच्चारलंय. कुणीतरी थट्टा केली असं वाटून ती वळून काउंटरकडे बघणार, तोच कोपऱ्यातून आवाज आला, "आलो."

पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस समोर येऊन बसला. भुवयांत पीठ अडकलं होतं. त्यानं मान मागे टाकली. तिचा नेम कधी चुकत नसे, आज पहिला थेंब त्याच्या गालावर पडला.

"माफ करा हं दादा."

"असू दे. भट्टीपुढे उभं राहून राहून डोळे तसेही कोरडेच पडलेत." तो बेकरीवाला होता, डोळे दाखवायला दुसऱ्या शहरातून आलेला.

थेंब घालून झाले. त्यानं डोळे मिटले. खरं म्हणजे तिनं पुढच्या पेशंटला बोलवायला हवं होतं. ती तिथेच उभी राहिली.

"तुमचं आडनाव वेगळं आहे," ती म्हणाली.

"वेगळं कसलं ताई? आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. प्लंबर अर्धजागे, शाळेतल्या गाण्याच्या बाई अर्धजागे, माझ्या शेजारचा सायकलवाला अर्धजागे. टपालवाला तर आम्हाला शिव्याच घालतो."

"मग सगळे एका घरातले?"

"एका घरातले खरे, पण रक्ताचे कुणीच नाही." तो मिटल्या डोळ्यांनीच हसला. "आम्ही अनाथालयातली मुलं. तिथे रात्रपाळीला एक बाई होत्या. शाळेत घालायची वेळ आली की आडनाव लागायचं, आणि आमच्यातल्या निम्म्यांना ते नव्हतंच. शाळेतला कारकून विचारायचा, काय लिहू? बाई म्हणायच्या, माझं लिहा. तो म्हणाला, तुम्ही यांच्या आई का? तर म्हणाल्या, खोटं कशाला बोलू, आई नाही मी यांची, आत्या आहे. बिनलग्नाच्या आत्याचं आणि भाच्यांचं आडनाव एकच असतं. त्यावर कारकुनानं लिहून टाकलं. पुढे वर्गात हजेरीला अर्धजागे म्हटलं की अख्खा बाक उभा राहायचा."

पडद्यामागून कुणीतरी हाक मारली. ती ओ द्यायलाही विसरली. खोलीतली डोळे मिटलेली माणसं, औषधाचा वास, पंख्याची घरघर, सगळं दूर कुठेतरी चाललं होतं.

"आडनावाचा अर्थ काय सांगायच्या त्या?"

"झोपेतही ज्याला दुसऱ्याची चाहूल लागते, तो अर्धजागा. खरंच तशा होत्या. खुर्चीत डुलक्या घ्यायच्या, पण कुणी स्वप्नात दचकलं की ते जागं व्हायच्या आत त्यांचा हात पाठीवर आलेला असायचा."

"आता कुठे असतात?"

"गेल्या. झाली काही वर्षं. झोपेतच गेल्या."

ती बाकाच्या कडेला बसली. मग म्हणाली, "माझंही आडनाव अर्धजागे आहे. त्या माझ्या आत्या."

बेकरीवाल्यानं डोळे उघडले. बाहुल्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या की त्याला तिच्या जागी उजेडाचा एक गोळा दिसत असणार. तरी तो तिच्याकडे बघत राहिला.

"शिंप्याची मुलगी?"

"हो."

"आम्ही तुमचा फार हेवा केला हो. आत्या म्हणायची, तुम्ही सगळे माझे, पण तिकडे माझी एक सख्खी भाची आहे. मांडीवर डोकं ठेवलं की लगेच झोपते. आम्ही मग मुद्दाम तिच्या मांडीवर झोपेचं सोंग घ्यायचो."

मग तिनं इतकी वर्षं कुणालाच विचारता न आलेलं विचारलं, "मग आमच्याकडे कधी आली का नाही?"

"आली होती एकदा. दारापर्यंत. म्हणाली, पाटी इतकी लखलखीत होती की बरं वाटलं. दार मात्र वाजवता आलं नाही तिला." तो म्हणाला, "आम्ही नंतर रागावलो तिच्यावर. वाजवायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "वाजवायला हवं होतं."

रविवारी बेकरी लवकर बंद होते आणि सगळे तिथे जमतात, तुम्ही याच, असं तो सांगून गेला. जावं की जाऊ नये, यात तिचा आठवडा गेला. आपण खऱ्या, ते नंतरचे, असा एक काटा मनात होताच. बसमध्ये बसल्यावर मात्र तिला वाटलं, आपलं तरी काय, ते कुणाच्या तरी घोरण्यावरूनच पडलेलं नाव.

बेकरीत अजून ऊब होती. लांब लाकडी टेबलाभोवती माणसं बसली होती, बायका, नातवंडं, एक जावईसुद्धा. कुणी उठून ओळखी करून दिल्या नाहीत. गाण्याच्या बाईंनी सरकून जागा केली आणि म्हणाल्या, "सख्खी आली का? बस." मग आडनावावरून गप्पा रंगल्या. सायकलवाल्याचं म्हणणं पडलं की आत्या अर्धी आमच्यासाठी जागायची आणि अर्धी तिकडच्या घरासाठी, म्हणून अर्धजागे. प्लंबरनं त्याला वेड्यात काढलं. थेंबताईनं वेशीवरच्या राखणदाराची गोष्ट सांगितली, आणि आईचं म्हणणंही. साहेबासमोरचं उत्तर ऐकून जावई इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

"मग आपला मूळपुरुष घोरायचा?" बेकरीवाल्यानं विचारलं. त्यानं आपला म्हटलं, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

गप्पा चालू असताना सायकलवाल्याची नात टेबलाखालून आली, न विचारता तिच्या मांडीवर चढली आणि बघता बघता झोपली. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, हवेत पिठाचे कण तरंगत होते. थेंबताईच्या पायाला मुंग्या आल्या. गाण्याच्या बाई म्हणाल्या, "आण इकडे तिला, जड झाली असेल."

"राहू दे," ती म्हणाली, आणि पाय न हलवता बोलणं ऐकत राहिली.