वाळूचं गाणं आणि इवायाचं गाणं

आमच्या देवानंदला त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची लाज वाटते. वरात तेलंगणातल्या आमच्या बाजारहत्नूरच्या चौकात आली आणि डीजेवर ‘इवाई आला फटफटीवर, टोपी गेली उडून’ सुरू झालं, की हा गडी चहाच्या टपरीमागे जाऊन उभा राहतो. गाणं त्यानंच लिहिलंय, गायलंयही त्यानंच. मी त्याच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवतो, त्यामुळे टपरीमागे मलाही जावं लागतं.

देवानंद मंडल ऑफिसात, म्हणजे तालुक्याच्या कचेरीत, क्लार्क आहे. बाप सालगडी होता, पण गळा गोड. तो गळा पोराला मिळाला. जयंती असो, नामकरण असो की मयतानंतरचा जलदान विधी, पार्टी बोलवायची तर देवानंदचीच. इवायाचं गाणं त्यानं मेव्हण्याच्या लग्नात गंमत म्हणून केलं होतं. कुणीतरी ते मोबाइलवर टाकलं आणि लाखांनी पाहिलं. इवाई म्हणजे व्याही हे ज्यांना ठाऊकही नाही, असे तेलुगू वऱ्हाडी त्यावर घाम गाळून नाचतात. ऑफिसातले साहेबसुद्धा फाइल पुढे सरकवताना म्हणतात, “देवानंद, पाट सूपर!” तेलुगूत पाट म्हणजे गाणं. हा खाली मान घालून हसतो आणि जेवायच्या सुट्टीत माझ्यावर चिडतो.

“मी वाळूचं गाणं बनवलं, थे कोणाले पाह्यजे? कोणालेच नाई. लोकायले कचरा पाह्यजे, कचरा. चांगलं काय, वाईट काय, कळतच नाई लोकायले.”

वाळूचं गाणं म्हणजे आमच्या विहाराचं गाणं. विहार बांधायला काढलं तेव्हा नाल्यात ट्रॅक्टर उतरत नव्हता. दिवसभर शेतात निंदण करून आलेल्या बायांनी वाळू घमेल्यात भरून डोक्यावरून आणली. पुढे असायच्या ताराबाई, ज्यांना सारं गाव मोठी माय म्हणायचं. देवानंद तेव्हा नुकताच नोकरीला लागला होता. त्यानं त्यांच्यावर गाणं रचलं आणि विहाराच्या उद्‌घाटनाला गायलं. ‘वाळू डोईवर, लेकरू कडेवर, बाया निघाल्या विहार बांधाया.’ पहिल्या कडव्यात नाला, दुसऱ्या कडव्यात एकेका बाईचं नाव. त्या दिवशी मी ढोलकी वाजवता वाजवता रडलो होतो. मी सहसा रडत नाही.

पुढे हेही गाणं त्यानं मोबाइलवर टाकलं. ते पाहिलं त्याच्या बायकोनं, मी आणि आणखी दहा-पाच जणांनी. त्यातलेही काही गाणं ऐकायला नाही, इवाई शोधायला आलेले. देवानंदला ते झोंबलं. त्यानं ते काढून टाकलं आणि नंतर पार्टीत कधी घेतलंच नाही. मी एकदा सुचवलं तर म्हणाला, “डुकरायपुढं काय गा लागते?” मला राग आला होता. त्या ‘डुकरां’त माझी आईही श्रोता म्हणून बसते. पण मलाही वाटत होतं की गडी खरंच बोलतोय.

यंदा मोठी माय आजारी पडल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी देवानंदचा हात धरला. “देवा, माया जलदानाले आपलं वाळूचं गाणं मनजो. थे इवायाचं नोको बापू.” त्यांची लेक प्रगती उशाशी उभी होती, ती तोंड फिरवून रडली. देवानंद म्हणाला, “मोठी माय, शब्द देतो.” बाहेर पडल्यावर मला म्हणाला, “पाह्यलं? गावात एका माणसाले कळलं चांगलं गाणं काय असते. अन थेच चालली.”

मोठी माय गेल्या, आणि त्यांच्या जलदानाला सारं गाव आलं. त्रिशरण-पंचशील झालं, जेवणं झाली, आणि मांडवात आम्ही वाद्यं मांडली. पुढच्या सतरंजीवर पांढऱ्या लुगड्यांतल्या म्हाताऱ्या बसल्या. मागे पोरं होती, त्यातला एक ओरडला, “इवाई होऊ द्या!” प्रगतीनं वळून नुसतं पाहिलं, तो गप्प झाला. देवानंदनं पेटीवर बोटं ठेवली, सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि माईकमध्ये म्हणाला, “आज एक असं गाणं मनतो, जे तुमाले माईत नाई. शांततेनं ऐका.”

पहिलं कडवं त्यानं असं गायलं की मागची पोरंही मोबाइल खाली ठेवून बसली. मग दुसरं आलं. ‘सोजर आली…’ असं म्हणून तो थांबला. त्यानं पेटीवर एक फेरा घेतला. मला वाटलं रंगवतोय, म्हणून मी ठेका भरला. पुन्हा ‘सोजर आली…’ आणि पुन्हा फेरा. त्याच्या कपाळावर घाम दिसला तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याला पुढची नावं आठवत नव्हती. पुढच्या सतरंजीवर त्याच बाया बसल्या होत्या आणि त्याच्याकडे बघत होत्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मलाही काही आठवेना. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या मांडवात कळलं.

तेव्हा सतरंजीवरून बारीक, चिरका आवाज आला. वाळू वाहणाऱ्या बायांतल्या कौशल्याबाई. ‘कौशल्या आली, गंगूबाई आली.’ लगेच शेजारणीनं उचलून धरलं, मग सगळ्याच रांगेनं. चाल जराशी बदललेली, कापूस वेचताना हात चालतात तशी संथ. नावंही वाढलेली होती. सुनांची नावं होती, लेकींची होती, ज्या तेव्हा कडेवर होत्या त्यांची. प्रगतीचंही होतं. मागे उभ्या असलेल्या सुना तोंडावर पदर धरून म्हणत होत्या. इतकी वर्षं हे गाणं आमच्याच शिवारात चाललं होतं, आणि आम्ही ते मोबाइलवर मोजत बसलो होतो.

देवानंदनं पेटी बंद केली. मी नुसता ठेका धरला, तोही बोटांनीच. आमच्यात रीत आहे, रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. बायांनी तेही म्हटलं, एकीनंही गाळलं नाही, आणि सगळ्यात मोठ्यानं म्हटलं. ‘देवानंद म्हणे, माय हो तुमची नावं, गळ्यात ठेवीन जलमभर.’

देवानंद पेटीवर डोकं टेकवून बसला. लोक उठू लागले तरी तो उठेना. शेवटी कौशल्याबाई काठी टेकत त्याच्यापाशी आल्या. त्यानं मान वर केली नाही. तसाच म्हणाला, “मावशी, लाज वाटून राह्यली मले. मायं नाव तरी काऊन ठेवलं त्याच्यात? काढून टाकाचं होतं.”

कौशल्याबाईंना काही समजेना. “असं कसं काढीन बापू? ज्यानं गाणं केलं त्याचं नाव घ्या लागते. आमाले का माईत, तू आमचे नावं विसरशीन मनून?”