भाड्यावरचा टॅक्स आणि फिलू

फिलू गेल्याचं कळलं तेव्हा मी गोव्याला जाणारं मसाल्याचं पार्सल चिकटवत होते. फोन तिच्या भावाचा होता. तो रडत होता, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता हिची गिऱ्हाइकं माझ्याकडे येतील. दीड महिना झाला, त्या विचाराची लाज अजून जात नाही... म्हणून इथे लिहून टाकते.

फिलोमिना आणि मी देवबागला एकाच वाडीत वाढलो. शाळेत तिचा पहिला नंबर, माझा दुसरा. पुढे दोघींनी मालवणी मसाला विकायला घेतला, तर तिच्या मसाल्याला रंग आणि माझ्याला नुसता तिखटपणा. मला तिचा हेवा वाटायचा. सगळ्याचाच, तिच्या अक्षराचासुद्धा. गोव्यात माल जायला लागल्यावर दोघींनी जीएसटीचा नंबर घेतला आणि तिथे पहिल्यांदा मी तिच्या पुढे गेले, निदान मला तसं वाटलं. आमच्याकडे आंब्याची पेटी एसटीने धाडली की भाडं पेटी सोडवून घेणाऱ्याने द्यायचं, ते कुणी बिलात धरत नाही. मी कुरिअरचंही तेच केलं. टॅक्स फक्त मसाल्यावर, भाडं खाली वेगळं, टॅक्सशिवाय. फिलू भाड्यावरही टॅक्स लावायची, त्यामुळे माझं बिल जरा हलकं दिसायचं आणि तिची काही गिऱ्हाइकं माझ्याकडे वळली. मी वाडीभर मिरवत होते.

एका रविवारी ती चर्चमधून थेट माझ्याकडे आली. म्हणाली, "सुले, भाड्यार पण टॅक्स लाव गो. मसाल्याक जो दर, तोच. नायतर मागसून तुझ्याच खिशातसून जातलो."

"माझी गिरायकां तुझ्या डोळ्यांत खुपतत," मी म्हटलं. ती उठून गेली.

वर्षभराने जीएसटी ऑफिसातून नोटीस आली. भाडं आपणच गिऱ्हाइकाकडून घेतलं तर ते मालाच्या किमतीतच धरतात, हे ऑफिसात मला शुद्ध मराठीत ऐकवण्यात आलं. भाड्यावरचा मागचा सगळा टॅक्स व्याजासकट पदरचा भरायचा होता, धंदा बंद करायची पाळी आली. तेव्हा फिलू तीन दिवस माझ्या पडवीत बसली आणि तिने एकेक बिल नव्याने मांडून दिलं. मी सांगितलं होतं, असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला तिच्यावर चिडता तरी आलं असतं. जाताना तिने पॅकिंगच्या टेबलासमोरच्या भिंतीवर मार्करने लिहिलं, 'भाडां पण बिलात. फिलू.' दुसऱ्याच दिवशी मी त्यावर कॅलेंडर टांगलं.

तिची गिऱ्हाइकं आली माझ्याकडे. मसाला चांगला आहे म्हणतात, आणि मग जरा थांबतात... त्या थांबण्याचाही मला राग येतो. गेल्या आठवड्यात मिठबावची एक मुलगी आली. तिने नुकतंच कोकम विकायला सुरुवात केली आहे, कुरिअरच्या भाड्याचं काय करायचं ते तिला विचारायचं होतं. मी कॅलेंडर उतरवून भिंत दाखवली.

"ही फिलू कोण, काकी?"

"माझी मैतरीण. माझ्यापेक्षा हुशार होती."

फिलूच्या हयातीत हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही, आणि आताही सहज निघालं नाही. मुलगी गेल्यावर कॅलेंडर परत टांगायला मी खिळा चाचपला... मग ते दुसऱ्या भिंतीवर नेऊन लावलं.